वेळेचे सोंग

पूर्वी सुगी संपली की आमच्या भागातल्या खेड्यांतून बहुरूपी येत. फौजदाराचा खाकी कोट, कमरेला पट्टा, बगलेत वहीचे बाड आणि तोंडात अशी काही कायद्याची भाषा, की नवख्या माणसाच्या छातीत धस्स व्हावे. म्हातारी माणसे मात्र हसत आणि सुपातून जोंधळे घालीत. आजोबा सांगत, की चांगला बहुरूपी कपड्यांवरून ओळखू येत नाही, बोलण्यावरूनही नाही. तो ओळखू येतो, तो वेळेवर. खऱ्या फौजदाराला प्रश्न विचारला की उत्तर तत्काळ येते. बहुरूप्याला क्षणभर विचार करावा लागतो. त्या क्षणात सोंग उघडे पडते.

आजोबांचे हे बोलणे मला संगणकाच्या अभ्यासात उपयोगी पडेल, असे त्यांनाही वाटले नसणार. संगणकातही एक बहुरूपी असतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्याच जातीच्या यंत्रावर चालवायचा, म्हणजे दुसऱ्या यंत्राने पहिल्याचे हुबेहूब सोंग आणायचे. खेळ बिचारा त्याच्या जुन्या धन्याच्या ओळखीचे हुकूम सोडत असतो आणि हा बहुरूपी ‘जी सरकार’ म्हणत ते पाळत असतो. हे सोंग चांगले वठायला संगणकात नेमके काय लागते, प्रोसेसरचे कोअर जास्त लागतात की रॅम जास्त लागते, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात अठ्ठावीस हजार रुपयांचा होऊन बसला होता. म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करते आहे.

अठ्ठावीस हजार म्हणजे आईची भिशी आणि दादाचा बोनस. आई निपाणीत घरी बसून बिड्या वळते. हजारामागे मजुरी मिळते, त्यातून भिशीचा हप्ता जातो. दादा बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत आहे. पण त्याआधी काही वर्षे, मी शाळेत असताना, त्याने निपाणीत एका गाळ्यात गेमचे पार्लर काढले होते. दोन प्लेस्टेशन २, दोन टीव्ही आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या. शाळा सुटली की मी तिथे बसून पाटीवर वेळ लिहीत असे : कोण किती वाजता बसला, किती वाजता उठला. मुली खेळायला येत नसत. मीही खेळत नसे, पण दहा मिनिटे जास्त बसू पाहणाऱ्या मोठमोठ्या मुलांना उठवण्याचा अधिकार माझ्याकडे होता आणि तो मी पुरेपूर वापरीत असे. पुढे घरोघरी स्मार्टफोन आले, गाळा सुटला, दोन्ही यंत्रांच्या लेन्स गेल्या. डिस्क मात्र दादाने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या.

त्या डब्याला मी किरकोळ समजत नाही. प्लेस्टेशन २ हे यंत्र २००० साली जपानात निघाले आणि साडेपंधरा कोटींहून अधिक खपले. गेमच्या यंत्रांत इतके दुसरे कुठलेच खपलेले नाही. आपल्याकडे ते इतके टिकले, की बाहेर नवी यंत्रे आल्यानंतरही खास भारतासाठी त्यावर खेळ निघत होते. २००९ साली हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आला. त्याच वर्षी ‘देसी अड्डा’ आला, त्यात कबड्डी आणि विटीदांडूसुद्धा होते. २०१० साली मुंबईच्या कंपनीने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला. २०१३ साली प्लेस्टेशन २ चे उत्पादनच थांबले. म्हणजे विटीदांडू आणि गल्लीतले क्रिकेट पडद्यावर आणण्याचे जे थोडे प्रयत्न आपल्या लोकांनी केले, ते ज्या यंत्रावर चालत ते यंत्र कारखान्यातून यायचे बंद झाले. जुनी यंत्रे एकेक करून भंगारात जात आहेत. पुढे हे खेळ पाहायचे तर बहुरूप्यालाच बोलवावे लागणार.

मला प्रोजेक्टसाठी संगणक हवाच होता. दादाची अट एकच : त्यावर डब्यातल्या डिस्क चालल्या पाहिजेत, पोराला दाखवायच्या आहेत. बेळगावातल्या एका दुकानदाराने आमच्यापुढे दोन संगणक ठेवले. किंमत सारखीच. एक कुठल्याशा मोठ्या कार्यालयातून निघालेला, जुना, पण आठ कोअरचा आणि १६ जीबी रॅमचा. दुसरा नवा, पण चारच कोअरचा आणि ८ जीबीचा. दुकानदाराचा जोर पहिल्यावर होता. ‘डबल सामान, तेवढ्याच पैशात,’ असे तो तीनदा म्हणाला. घरी आल्यावर आईने हिशेब आणखी सोपा केला.

“आठ कोअर म्हंजे आठ माणसं कामाला, न्हवं? मग चारचं कशाला घेतीस?”

बिडीकामगार बाईचा हा हिशेब चुकीचा आहे, असे कोण म्हणेल? मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. वर्गातल्या एका मैत्रिणीकडे असाच आठ कोअरचा जुना संगणक होता आणि दुसरीच्या भावाकडे चार कोअरचा नवा. दादाची मोटारशर्यतीची एक डिस्क घेऊन मी दोन्हीकडे जाऊन आले. डब्यातल्या बऱ्याच डिस्क नकली होत्या, त्या बाजूला ठेवल्या. ही मात्र पावतीसकट विकत घेतलेली होती.

आता थोडे आकडे. ते कंटाळवाणे वाटले तर वाङ्मय विभागाच्या वाचकांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, मी रागावणार नाही. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत सेकंदाला पन्नास चित्रांची. म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर सेकंदाला सुमारे २९ कोटी ४९ लाख ठोके देतो, म्हणजे एका चित्रामागे साधारण ५९ लाख. बहुरूप्याला हे ५९ लाख ठोक्यांचे काम त्याच २० मिलिसेकंदांत करून दाखवायचे असते. संगणक दोन गिगाहर्ट्झचा असेल तर एका कोअरला तेवढ्या अवधीत ४ कोटी ठोके मिळतात, म्हणजे मूळच्या एका ठोक्यामागे जेमतेम सात. ४.३ गिगाहर्ट्झचा असेल तर साडेचौदा. शिवाय नव्या प्रोसेसरचे एका ठोक्यातले कामही जुन्यापेक्षा जास्त होते. उशीर झाला तर खेळ बंद पडत नाही, तो मंदावतो. पन्नासाऐवजी पस्तीसच चित्रे निघाली की मोटार चिखलातून चालल्यासारखी चालते आणि आवाज फाटतो. चेहरा, आवाज, चाल सगळे बरोबर, फक्त वेळ चुकलेली. आपल्यात म्हणतात ना, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. एम्युलेटरला वेळेचेही आणता येत नाही.

पण मूळच्या एका ठोक्याला दुसऱ्या यंत्राचे सात किंवा चौदा ठोके का लागावेत? कारण मध्ये भाषांतर आहे. प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर मिप्स नावाच्या घराण्याची भाषा बोलतो, आपले संगणक एक्स ८६ घराण्याची. आमचे आजोबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. चिकोडी-हुक्केरीकडचे शेतकरी कन्नडमध्ये बोलत, काही व्यापाऱ्यांना मराठी-गुजरातीपलीकडे कळत नसे. मध्ये आजोबा. प्रत्येक वाक्य ऐकायचे, मनात फिरवायचे, दुसऱ्या भाषेत सांगायचे. एम्युलेटरची सगळ्यांत साधी पद्धत हीच, एकेक हुकूम वाचून तिथल्या तिथे त्याचा अर्थ लावायचा. ती अतिशय सावकाश चालते, कारण तेच वाक्य हजारदा आले तर हजारदा भाषांतर करावे लागते. म्हणून हुशार एम्युलेटर वही ठेवतात. हुकमांचा एक तुकडा पहिल्यांदा आला की त्याचे पुरते भाषांतर करून जपून ठेवायचे आणि पुन्हा आला की वहीतले पान उघडायचे. खेळात तेच तेच तुकडे सेकंदाला हजारो वेळा येतात, त्यामुळे या युक्तीने वेग कित्येक पटींनी वाढतो. मात्र खेळाने आपलाच एखादा हुकूम मध्येच बदलला, तर वहीतले पान खोडून नव्याने लिहावे लागते आणि असा बदल झाला का यावर सतत डोळा ठेवावा लागतो. आजोबांनाही भाव बदलला की जुनी ओळ खोडावी लागे.

भाषांतराच्या अडचणींपैकी एक तर आमच्या सीमाभागाच्या रोजच्या ओळखीची आहे. मराठीत आपण पंचवीस म्हणतो : आधी पाच, मग वीस. कन्नडमध्ये इप्पत्तैदु : आधी वीस, मग पाच. अर्थ एकच, क्रम उलटा. यंत्रांतही हा भेद असतो. मोठ्या संख्येचा लहान भाग आधी साठवायचा की मोठा, यावर घराण्याघराण्यांचे मतभेद आहेत. आपले संगणक लहान भाग आधी ठेवतात, म्हणजे पंचवीसवाले. प्लेस्टेशन २ सुद्धा त्याच पंथातले, त्यामुळे तिथे हा त्रास होत नाही. पण निन्टेंडोचे गेमक्यूब आणि सोनीचेच प्लेस्टेशन ३ हे इप्पत्तैदुवाले आहेत. त्यांचे सोंग आणताना मेमरीतून उचललेली जवळजवळ प्रत्येक संख्या उलटी करून घ्यावी लागते. बाजारात दोन्ही भाषांतून भाव ऐकणाऱ्याच्या मनात जी चटकन उलटापालट होते, तीच. आपल्याला तिचे कष्ट जाणवत नाहीत एवढेच.

आता आईच्या प्रश्नाकडे. आठ माणसांनी काम लवकर का होऊ नये?

तिला मी तिच्याच कामातले उत्तर दिले. हजार बिड्या वळायच्या असतील तर दारात चार बायका बसल्या की काम चौपट वेगाने होते, कारण एकीची बिडी दुसरीच्या बिडीवर अवलंबून नसते. पण पाने आदल्या रात्री भिजत घालायची असतात. ती भिजल्याशिवाय कापता येत नाहीत, कापल्याशिवाय वळता येत नाहीत. रात्रभर आठ बायका पानांभोवती बसून राहिल्या म्हणून पाने लवकर भिजतात का? आई हसली आणि म्हणाली, “बसतील की, गप्पा हाणत.” जुन्या संगणकाच्या आठ कोअरपैकी पाच-सहा जण अगदी हेच करीत होते. मैत्रिणीच्या घरी मी पडद्याच्या एका कोपऱ्यात प्रत्येक कोअरचे काम दाखवणारी खिडकी उघडली होती. दोन कोअर घामाघूम झालेले, तिसरा अधूनमधून हलणारा, बाकीचे आडवे पडलेले. एकूण प्रोसेसरचा वापर तीस टक्क्यांच्या आत आणि खेळ मात्र सत्तर टक्के वेगाने रखडत चाललेला. नुसता एकूण आकडा पाहणारा म्हणेल, की यंत्रात अजून सत्तर टक्के जीव शिल्लक आहे. तो शिल्लक होता, पण भलत्या ठिकाणी.

प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय दोन गणिती मदतनीस, एक चित्र काढणारा, एक आवाजाचा आणि जुन्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर अशी बरीच मंडळी आहेत. प्रत्येकाला एकेक कोअर देऊन टाकावा, असे कुणालाही वाटेल. पण ही मंडळी क्षणोक्षणी एकमेकांना हाका मारतात. मुख्य प्रोसेसर म्हणतो, हे गणित कर. मदतनीस म्हणतो, झाले. तो म्हणतो, मग हे चित्रवाल्याला दे. मूळ यंत्रात हे सगळे एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालते. वेगवेगळ्या कोअरवर बसवले, की प्रत्येक हाकेसाठी एकाने दुसऱ्याची वाट पाहायची, आणि ती वाट पाहण्यातच मिळवलेला वेळ खर्च होतो. म्हणून पीसीएसएक्स२ या प्रसिद्ध एम्युलेटरने तडजोड केली आहे. मुख्य प्रोसेसर आणि त्याला चिकटलेले बरेचसे काम एका धाग्यावर, चित्रकाम दुसऱ्यावर आणि एका गणिती मदतनीसाचे काम, खेळाला मानवत असेल तर, तिसऱ्यावर. चित्रकाम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरकडूनच करून घ्यायचे असेल तर आणखी कोअर कामी येतात, एरवी नाही. म्हणजे तीन कोअर खेळाला, एक बाकीच्या घरकामाला. पाचव्यापासून पुढचे बहुतेक पाहुणे.

या गोष्टीचा हिशेब जीन अॅम्डाल यांनी १९६७ सालीच मांडून ठेवला होता. कामाचा साठ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर उरलेल्या चाळीस टक्क्यांवर आठ जण लावूनही काम दीडपटीच्या आसपासच लवकर होते, आणि आठ हजार लावले तरी पावणेदोनपटीला पोचत नाही. उलट, काम वाटण्याजोगे असेल तर अनेक प्रोसेसर चमत्कार करतात. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला तो याच तत्त्वावर, अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून. हवामानाच्या गणितात प्रदेशाचे तुकडे पाडून एकेकाला देता येतात. गेमच्या यंत्राचे तुकडे असे सुखासुखी पडत नाहीत.

मग कारखानदारांनी एकच कोअर भरमसाट वेगाचा का बनवू नये? त्यांनी तेच चालवले होते. २००४ साली पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोचला, ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला नमुना मात्र त्याच वर्षी रद्द झाला. ठोके वाढवावेत तशी उष्णता वाढते, आणि ती काढून टाकणे अशक्य होऊ लागले. तेव्हापासून बाजार कोअर मोजू लागला. दुकानदाराला तेवढेच सांगता येते, कारण डब्यावर तेवढेच मोठ्या अक्षरांत छापलेले असते. एका ठोक्यात किती काम होते हा आकडा कुठल्याही डब्यावर नसतो, आणि आमच्या कामाचा तोच होता.

रॅमच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी. चित्राची, आवाजाची वगैरे सगळी धरून ४० एमबीच्या आसपास. आमच्या ८ जीबीत ती दोनशे वेळा मावते. तेव्हा सोळा घेतल्याने खेळ पळेल, ही समजूत म्हणजे दोन घागरी पाण्यासाठी विहीर दुप्पट रुंद करण्यासारखे आहे. अर्थात संगणकाची स्वतःची व्यवस्था, चित्रे मोठी करून दाखवण्याची हौस, मागे उघडी राहिलेली दहा पाने, यांना जागा लागते. म्हणून आठ असावी. पण मुद्दा जागेचा नसून अंतराचा आहे. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असतो, मसाल्याची बरणी फडताळात, आणि पोते माळ्यावर. प्रोसेसरच्या पोटातली कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, चारपाच ठोक्यांत हाती लागते. रॅम म्हणजे माळा. तिथून वस्तू आणायला दोनतीनशे ठोके सहज जातात. एम्युलेटरची भाषांतरांची वही, खेळाची माहिती आणि स्वतःचा हिशेब यांतले जितके कॅशमध्ये मावेल तितके बरे. मोठा माळा असून उपयोग काय, दर चिमटीला शिडी चढावी लागली तर?

मात्र एका बाबतीत रॅमने मला खरोखर चकित केले. आमच्या अंदाजपत्रकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसत नव्हते. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरायचे, आणि त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनवारी करते. प्लेस्टेशन २ च्या चित्र काढणाऱ्या भागात मेमरी अवघी ४ एमबी, पण ती त्याच्या पोटातच बसवलेली, आणि तिच्यातून सेकंदाला ४८ जीबी माहिती जा-ये करू शकते. २००० सालची गोष्ट. आज दुकानात मिळणारी डीडीआर ४, ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते. पंचवीस वर्षे उलटल्यावर आमच्या नव्या संगणकाचा रस्ता त्या जुन्या डबड्याच्या निम्म्या रुंदीचा! पण त्याच पट्ट्या दोन लावल्या की रस्ते दोन होतात आणि आकडा ५१.२ वर जातो. म्हणजे ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन घेणे आमच्या कामाला कितीतरी बरे. दुकानदाराला हे सांगितले तेव्हा तो दादाकडे पाहून म्हणाला, “पोरगी शिकलेली दिसते.” एवढा वेळ तो माझ्याशी बोलतच नव्हता.

सोंग किती खरे आणायचे, यावरही वेग अवलंबून असतो, हे सांगायचे राहिले. सुपर निन्टेंडो हे १९९० सालचे यंत्र, प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झ, मेमरी १२८ केबी. १९९७ साली आलेला झेडएसएनईएस हा एम्युलेटर त्या काळच्या साध्या संगणकावर त्याचे खेळ पळवीत असे, कारण तो जिथे चालेल तिथे अंदाजाने काम भागवी. पुढे ब्यू या टोपणनावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरने बीस्नेस लिहिला. त्याचा हट्ट असा, की मूळ यंत्रात प्रत्येक ठोक्याला जे घडते तेच घडले पाहिजे, खेळाला कळो न कळो. २०११ साली त्याने एका लेखात सांगितले, की या हट्टासाठी तीन गिगाहर्ट्झचा संगणक लागतो. ३.५८ मेगाहर्ट्झच्या यंत्रासाठी! काहींनी त्याला वेडा म्हटले. मला तो पुरातत्त्ववाल्यांच्या पंक्तीतला वाटतो. शिलालेखाचा साधारण अर्थ सांगणारा वेगळा आणि प्रत्येक अक्षराचा ठसा घेणारा वेगळा, दोघेही हवेत. पण दुसऱ्याला वेळ आणि सामग्री जास्त लागते, आणि मोठा संशोधक असला तरी त्याचे अक्षर एका वेळी एकच वाचून होते. तिथेही जास्त कोअर फारसे कामी आले नाहीत.

शेवटी चार कोअरचा संगणक आणि दोन पट्ट्या घरी आल्या. आईने पेटीला कुंकू लावले. प्लेस्टेशनच्या पोटातला बायोस नावाचा मूळ प्रोग्राम लागतो, तो दुसऱ्याकडून न घेता आपल्याच यंत्रातून काढायचा असे मी ठरवले होते. लेन्स गेली तरी आमच्या एका यंत्राचे डोके शाबूत होते, तेव्हा मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्हच्या मदतीने दुपारभर खटपट करून तो काढला. डिस्क संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचल्या जातात. सात अस्सल डिस्कपैकी चारच वाचल्या गेल्या. उरलेल्या तीन ओरखड्यांनी गेल्या होत्या, त्यांत ‘हनुमान’ होती. तिच्यासाठी कुठल्याही प्रोसेसरकडे इलाज नाही. दादा बराच वेळ ती डिस्क खिडकीच्या उजेडात धरून फिरवत राहिला. ‘देसी अड्डा’ मात्र वाचली गेली.

मोटारशर्यत लावली तेव्हा कोपऱ्यातला वेगाचा आकडा शंभराच्या आसपास स्थिर राहिला. दादाने पहिल्याच वळणावर गाडी घातली, आणि न पाहता त्याची बोटे जिथे जायला हवीत तिथे गेली. मैत्रिणीच्या संगणकावर हाच माणूस चारदा भिंतीवर आदळला होता आणि ‘हात गेला माझा’ म्हणून खट्टू होऊन बसला होता. हात गेला नव्हता, संगणक उशिरा पोचत होता. पुतण्याला गाड्यांत रस नव्हता. त्याने कबड्डी लावून घेतली आणि आईला शेजारी बसवून चढाई कशी करायची ते समजावून सांगू लागला. आईच्या हातातली बिडी काही थांबली नाही.

गेल्या महिन्यात फौंड्रीतल्या एका मित्राने दादाला प्लेस्टेशन ३ च्या दोन डिस्क दिल्या आहेत. २००६ सालच्या त्या यंत्राचा प्रोसेसर सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तिघांनी मिळून बनवला. एक मुख्य कोअर आणि भोवती लहान मदतनिसांचा गोतावळा, त्यांतले सहा खेळाच्या दिमतीला. तिथे खेळ लिहिणाऱ्यांनी स्वतःच कामाचे तुकडे पाडून ठेवलेले असतात, त्यामुळे त्याचे सोंग आणणारा आरपीसीएस३ हा एम्युलेटर सहा-आठ कोअर खरोखरच राबवून घेतो. ठोकेही वेगवान हवेत, शिवाय ब्लू-रे ड्राइव्ह लागेल, ग्राफिक्स कार्ड लागेल. हे सगळे मी दादाला सांगितले. तो म्हणाला, “म्हंजे आता आईचा आठ माणसांचा हिशेब बरोबर?” मी म्हटले, या यंत्रापुरता बरोबर. आईची पुढची भिशी लागायला अजून अकरा महिने आहेत.